तारेवर बसते ती पाकोळी नव्हे

शंकेखोर : नोव्हेंबर आला की शाळेत एक प्रश्न ठरलेला. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला सलीम अलींचा. त्या दोन तारखांमधला आठवडा म्हणजे पक्षी सप्ताह. २०२० पासून तो सरकारी पातळीवर साजरा होतो. मुलांना पक्षी ओळखायला शिकवा, असं सगळे म्हणतात. शिकवतो की! पण नेऊ कुठं? जाणकारांना विचारलं तर कोणी नांदूर मधमेश्वर सांगतं, कोणी भिगवण, कोणी कर्नाळा. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या मुकुटबनहून नांदूर मधमेश्वर गाठायचं म्हणजे निम्मा महाराष्ट्र पालथा घालायचा. जवळचं म्हणाल तर पांढरकवड्याकडचं टिपेश्वर. आठवीची चाळीस पोरं जिप्सीत घालून तिथं न्यायची, तर तेवढ्या पैशात शाळेच्या छपराचे पत्रे बदलून होतील. म्हणून माझं सरळ मत असं झालंय, भाऊ, की पक्षी ओळखणं हा ज्याच्या दारात पाणथळ अभयारण्य आहे त्याचा छंद आहे. आमच्या दारात कोळशाचे ट्रक, सिमेंटचा कारखाना, पऱ्हाटी आणि साग. यातून मी काय शिकवणार?

नादिष्ट : टिपेश्वर तुम्ही पैशासाठी नको म्हणता, गुरुजी. मी फुकट असलं तरी नको म्हणेन. पक्षी तिथं भरपूर आहेत. पण १९९७ साली अभयारण्य झालेल्या त्या जंगलात आज येणारा माणूस वाघासाठी येतो. गाडीतून उतरता येत नाही, आणि ते बरोबरच आहे. गाडी पळते वाघाच्या पावलामागं. एखाद्यानं ‘थांबा, त्या फांदीवर काय बसलंय’ म्हटलं की गाडीतले बाकीचे पाच जण पक्ष्याऐवजी त्याच्याकडंच बघतात. शिवाय नवशिक्यासाठी सागाचं जंगल ही फार वाईट शाळा. आवाज येतो, पक्षी दिसत नाही. दिसला तर पानाआड अर्धा. तो अर्धाही डोक्यावर, उन्हाच्या उलट्या बाजूला, म्हणजे नुसता काळा ठिपका. तासभर मान वर करून पोरगं एवढंच शिकतं की हे आपल्याला जमणारं नाही.

नवशिक्याला पक्षी मोठा हवा, उघड्यावर हवा, बराच वेळ एका जागी बसणारा हवा आणि उद्या परत तिथंच सापडणारा हवा. हे चारही जिथं जुळतं अशा जागा तुमच्याकडं दोन आहेत : विजेची तार आणि साचलेलं पाणी. गावाबाहेरच्या रस्त्यानं तारा बघत अर्धा तास चाला. ऊन पाठीवर ठेवा, एवढं एक पथ्य. काळाकुळकुळीत, शेपूट माशाच्या शेपटीसारखी दुभंगलेली, तो कोतवाल. नीट पाहिलात तर चोचीच्या मुळाशी साबुदाण्याएवढा पांढरा ठिपका दिसेल. हिरवागार, शेपटीच्या मधून दोन सुया बाहेर आलेल्या, हवेत झेप घेऊन माशी पकडून पुन्हा त्याच जागी येऊन बसणारा, तो वेडा राघू. मातकट, मान खांद्यात घालून बसलेला, ज्याच्याकडं दुसऱ्यांदा कोणी बघणार नाही असा एक असतो. तो उडाला की पंखातून निळ्याच्या दोन छटा झळकतात. तो नीलपंख. दसऱ्याला दिसला तर लोक शकुन मानतात, आणि पैनगंगेपलीकडच्या तेलंगणाचा तो राज्यपक्षी आहे. आता गंमत बघा. संध्याकाळी तारेवर ओळीनं बारीक पक्षी बसलेले दिसले की आपण सरसकट ‘पाकोळ्या’ म्हणतो. पण पाकोळीच्या पायाची चारही बोटं पुढं वळलेली असतात. ती भिंतीला, कड्याला लटकते, तारेवर बसूच शकत नाही. तारेवर बसते ती भिंगरी. एवढं एक कळलं की मुलाच्या डोळ्यावरचा पडदा जातो. हे कळायला जिप्सी लागत नाही.

शंकेखोर : तार झाली. आता पाण्याचं बोला. आणि त्याआधी वेळेचं. तुमच्या प्रत्येक पुस्तकात लिहिलेलं असतं, सूर्योदयाच्या आधी निघा. हे लिहिणारा माणूस आमच्या झरी-जामणी तालुक्यात राहत नाही. आमच्याकडं उजाडायच्या आधी माणूस एकटा वावरात जात नाही. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री पलीकडच्या राळेगाव तालुक्यात नरभक्षक ठरवलेली अवनी वाघीण मारली, त्यावर देशभर चर्चा झाली; मारायला हवी होती की नको, हा वाद मी इथं काढत नाही. पण त्याआधीची दोन वर्षं त्या टापूतल्या बायांनी सरपण आणायला जाणं कसं टाळलं, ते मला माहीत आहे. त्या मुलखात मी पालकांना सांगू, की पोराला पहाटे पाचला बंधाऱ्यावर पाठवा? दुसरं, वावर. ऑगस्टपासून पऱ्हाटीवर फवारणी सुरू होते. २०१७ साली याच जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन माणसं गेली. त्या दिवसांत धुऱ्यावर वही घेऊन पोरं उभी करायची? तुम्ही ‘तुमच्याच गावात शिका’ म्हणता ते ऐकायला गोड आहे. पण गाव म्हणजे काही रिकामं मैदान नाही.

नादिष्ट : मान्य. फवारणीच्या दिवसांत धुरा नको म्हणजे नकोच. जंगलाची कडही नको. पहाटेचा हट्टही सोडून देऊ. तो नियम जंगलातल्या लहान पक्ष्यांसाठी आहे. ते उजाडता उजाडता गातात आणि ऊन चढलं की गप्प होतात. पाण्यावरच्या पक्ष्याला नऊ वाजले काय नि दहा वाजले काय. हिवाळ्यात तो दिवसभर तिथंच उभा असतो. म्हणून तर पाणी म्हणतोय. मोठं धरण लागत नाही. नाल्यावरचा बंधारा, गावतळं, ढोरं पाण्यावर नेतात ती जागा, चालेल. ढोरं असतील तर उत्तमच, कारण त्यांच्या पायाशी गायबगळा हमखास असतो.

एक बगळाच घ्या. सगळे त्याला बगळा म्हणून सोडून देतात, आणि सगळं शिक्षण त्याच्यातच आहे. पहिल्या दिवशी मुलांना एवढंच सांगा : चोच बघा आणि पाय बघा. चोच काळी, पाय काळे, पण पावलं पिवळीधमक, चिखलात चालताना पिवळे मोजे घातल्यासारखी, तो लहान बगळा. चोच पिवळी, आखूड, मान जाडसर, ढोरांमागं फिरणारा तो गायबगळा. उंच, मान इंग्रजी एससारखी वळलेली, तो मोठा बगळा. मधल्या चणीचा एक येतो, तो मध्यम बगळा; त्याला मोठ्यापासून वेगळं काढायला तोंडाची फट बघायची. मोठ्या बगळ्याची फट डोळ्याच्या मागंपर्यंत जाते, मध्यमाची डोळ्याखाली संपते. हे दुर्बिणीतूनही मला पहिल्या वर्षी दिसलं नव्हतं. आणि त्यांच्याच शेजारी वंचक बसलेला असतो. मातीच्या रंगाचा, काठाशी चिकटलेला, पाय पडेपर्यंत दिसत नाही. उडाला की अख्खा पांढरा. पोरं ओरडतात, ‘सर, बगळा झाला!’

शंकेखोर : आणि विणीच्या काळात मोठ्या बगळ्याची चोच काळी होते. तुमचा चोचीचा नियम तिथंच मोडला. मी अगदीच कोरा नाही, भाऊ. नियम सांगणारा समोर असला की ठीक. तो गेल्यावर पोरगं जूनमध्ये काळ्या चोचीचा मोठा बगळा बघून छातीठोकपणे ‘लहान बगळा’ लिहिणार, आणि त्याला चूक कोण म्हणणार? सलीम अलींची गोष्ट तुम्ही सगळ्यांना सांगता. लहानपणी छऱ्याच्या बंदुकीनं एक चिमणी पाडली, गळ्यावर पिवळा डाग, नेहमीच्या चिमणीपेक्षा वेगळी. ती घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले, आणि तिथं मिलार्डसाहेबांनी ती ओळखून दिली, शिवाय कपाटं उघडून भुसा भरलेले पक्षी दाखवले. तुम्ही या गोष्टीत चिमणी बघता. मी मिलार्ड बघतो. १८८३ साली निघालेली संस्था, कपाटं, आणि पोराला हाकलून न देता वेळ देणारा जाणता माणूस. हे मुंबईत होतं, म्हणून पोराचे सलीम अली झाले. मुकुटबनमध्ये तशीच चिमणी असेल. मिलार्ड कुठून आणू? तेव्हा शिकायची चांगली जागा म्हणजे जिथं पक्षी आहेत ती नव्हे. जिथं चूक दाखवणारं कोणी आहे, ती. नागपूरला, अमरावतीला असे गट असतील. आमच्याकडं नाही.

नादिष्ट : हे तुम्ही माझ्या वर्मावर बोट ठेवलंत. कारण मीही एकटाच शिकलो, आणि तीन वर्षं कंठवाल्या होल्याला ठिपकेवाला होला म्हणत होतो. पण मला चूक दाखवली कोणी? माणसानं नाही. त्याच जागेनं. मी रोज एकाच बंधाऱ्यावर जायचो. उन्हाळ्याच्या शेवटी तिथं डोकं, मान नि पाठ केशरी असलेला बगळा दिसू लागला. मी नवा पक्षी म्हणून वहीत लिहिला. जसजसा पावसाळा सरला, तसतसा त्याचा केशरी रंग आठवड्यागणिक उतरत गेला. दिवाळीपर्यंत तो साधा गायबगळा झाला. नवा पक्षी कुठला, विणीचा पोशाख घातलेला जुनाच! मी दहा अभयारण्यं एकेकदा पाहिली असती तर जन्मभर त्याला दुसराच पक्षी समजलो असतो. तुम्ही चूक दाखवणारी जागा म्हणता. मी म्हणतो, जिथं परत परत जाता येतं ती जागाच चूक दाखवते. हिवाळ्यात पांढरा धोबी येतो, एप्रिलला नसतो. कवड्या धोबी बारा महिने असतो. हा फरक भिगवणला एका शनिवार-रविवारात कोणाला कळत नाही.

शंकेखोर : तुम्हाला कळला, कारण तुम्ही वहीत लिहिलं आणि सहा महिन्यांनी तीच वही उघडून वाचली. शंभरात असा एक. बाकीचे आता मोबाईल काढतात. अॅपला आवाज ऐकवला, त्यानं नाव सांगितलं, झालं. मग कशाला जागा नि कशाला मिलार्ड? खरं सांगू, मला तर हा मार्ग पटायला लागलाय. स्वस्त आहे, प्रत्येक घरात आहे, आणि माझ्यापेक्षा जास्त पक्षी त्याला येतात.

नादिष्ट : त्याला जास्त येतात, यात वाद नाही. माझ्याही मोबाईलमध्ये आहे. पण एक प्रयोग करा. कोतवाल शिक्रा या शिकारी पक्ष्याच्या आवाजाची नक्कल करतो. साळुंक्या घाबरून उडाल्या की त्यांचा किडा हा पळवतो. अॅप त्या वेळी शिक्रा म्हणेल, आणि त्याचं काही चुकलं नाही, आवाज शिक्र्याचाच आहे. तारेवर बघणाऱ्या पोराला मात्र समोर दुभंगलेली शेपूट दिसत असते. कोतवालाशी आधी ओळख झालेली असेल तरच ते पोरगं अॅपवर हसेल. नसेल तर शिक्रा लिहून मोकळं होईल. सलीम अलींनी आपल्या पुस्तकात पक्ष्याचा आकार सांगताना चिमणी, बुलबुल, साळुंकी, कावळा, घार अशी मापं वापरली. ते पुस्तक १९४१ चं. तेव्हापासून नवशिक्याची पहिली पायरी तीच आहे : ही पाच मापं डोळे मिटून यायला हवीत. ती पाचही मुकुटबनच्या आठवडी बाजारात बसल्या जागी दिसतात.

शंकेखोर : आकार, रंग, आवाज. आणि तरी मोठमोठे फसतातच ना? आपल्याच राज्यातला रानपिंगळा घ्या. १८८४ नंतर कोणी खात्रीनं पाहिला नाही, संपला म्हणून सोडून दिला. मध्ये एकाच नमुन्याची नोंद, १९१४ ची, गुजरातेतल्या मांडवीची. ती मायनर्टझहागन नावाच्या बड्या पक्षितज्ज्ञाची. पुढं निघालं काय, तर गृहस्थानं संग्रहालयातला जुना नमुना चोरून त्यावर आपली खोटी चिठ्ठी लावलेली. म्हणजे ज्यांच्या हातात पक्षी होता, कपाट होतं, सगळं होतं, त्यांच्यात हा प्रकार. मग आठवीच्या पोराच्या ‘मी पाहिलं’ला काय किंमत?

नादिष्ट : ही गोष्ट तुम्ही माझ्या विरुद्ध काढलीत खरी, पण ती पुढं ऐका. पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन यांनी ती खोटी चिठ्ठी उघडी पाडली, तेव्हा हाती काय उरलं? खऱ्या चिठ्ठ्या. १८८० च्या दशकात डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्यानं खानदेशात गोळा केलेले नमुने, आणि त्यावर नीट लिहिलेलं गाव आणि तारीख. त्या गावांच्या मागावर त्या आणि त्यांचे साथीदार निघाले, आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, भरदिवसा झाडावर बसलेला रानपिंगळा त्यांना दिसला. ११३ वर्षांनी. डोक्यावर ठिपके जवळजवळ नाहीत, आपल्या गावच्या पिंगळ्याच्या डोक्यावर ते भरपूर असतात; अशा खुणांवरून ओळख पटली. आता त्या भागातल्या माणसानं तो पक्षी मधल्या काळात पाहिला नसेल? पाहिलाच असणार. पण पिंगळा म्हणून सोडून दिला. म्हणून मी पोराकडून नाव बरोबर आलं पाहिजे असं म्हणतच नाही. तारीख, जागा, काय दिसलं, पक्षी काय करत होता, एवढं लिहा. नाव चुकलं तरी चालेल, नंतर कोणीतरी दुरुस्त करील. जागा खोटी लिहिली तर मात्र शंभर वर्षं कोणाला पत्ता लागत नाही.

शंकेखोर : ‘पिंगळा म्हणून सोडून दिला’, हे तुमचं वाक्य मला टोचलं. कोणी सोडून दिला? तिथल्या आदिवासी माणसाजवळ त्याला वेगळं नाव नव्हतं हे तुम्हाला कसं ठाऊक? माझ्या वर्गात कोलाम पोरं आहेत, गोंड आहेत, तेलुगू बोलणाऱ्या घरची आहेत. एका पोराला मी टिटवीबद्दल विचारलं. त्यानं मला वावरातली जागा दाखवली. उघडी जमीन, चार खडे, आणि त्या खड्यांच्याच रंगाची अंडी. मी वर पाय देणार होतो. टिटवीनं अंडी उंचवट्यावर घातली की पाऊस जास्त, खोलगटात घातली की कमी, असं त्याच्या आजीचं म्हणणं. पाण्याकाठची लाल कल्ल्याची वेगळी आणि कोरड्या माळावरची पिवळ्या कल्ल्याची वेगळी, हेही तो न विचारता बोलला. पण माझ्या चाचणीत त्या पोरानं चार बगळ्यांच्या चार चित्रांखाली चार वेळा ‘बगळा’ लिहिलं, आणि तुमच्या हिशेबानं त्याला शून्य. पुस्तक पाठ केलेल्या बाजारपेठेतल्या पोरीला चारपैकी चार. तिनं अंडं कधी पाहिलेलं नाही. पक्षी कोणाला ओळखता येतो, सांगा.

नादिष्ट : दोघांना अर्धा अर्धा, असं म्हणून मी सुटणार नाही, कारण ते खोटं होईल. त्या पोराला जास्त येतो. पण बगळ्यांना चार नावं हवीत ती हौस म्हणून नव्हेत. गायबगळा कोरड्या गवतात किडे खातो, लहान बगळ्याला उथळ पाण्यातले मासे लागतात. उद्या तुमच्या नाल्याचं पाणी आटलं किंवा बिघडलं तर दुसरा जाईल आणि पहिला राहील. ‘बगळे आहेत’ असं लिहिणाऱ्या गावाला काय गेलं ते कधी कळणारच नाही. नावाचा उपयोग एवढाच, की हिंगोलीतला माणूस आणि मुकुटबनमधला माणूस एकाच पक्ष्याबद्दल बोलतोय याची खात्री असावी.

शंकेखोर : आणि ते एक नाव कोणाचं असावं? भारद्वाज लिहू की सोनकावळा, कुंभारकावळा, की कुकुडकोंबा?

नादिष्ट : कावळा नको, गुरुजी. तो कोकिळेच्या कुळातला आहे. फक्त कोकिळेसारखा दुसऱ्याच्या घरट्यात अंडी टाकत नाही, स्वतःचं बांधतो.

शंकेखोर : बघा, ‘नको’ म्हणालातच. आजीनं दिलेलं नाव तुमच्या एका वाक्यात चूक ठरलं.

नादिष्ट : ठरलं, खरं आहे. मग वहीत दोन रकाने करा. एकात घरचं नाव, एकात पुस्तकातलं. चितमपल्लींनी नवेगावबांधला काय केलं? वनाधिकारी होते ते, पण स्थानिकांच्या तोंडची नावं मान देऊन टिपून घेतली. म्हणून तर ‘पक्षिकोश’ उभा राहिला. कोलामी नाव, गोंडी नाव, आजीचं पावसाचं म्हणणं, सगळं पहिल्या रकान्यात येऊ द्या.

शंकेखोर : रकाने दोन, गुण एकालाच. परीक्षेत पहिला रकाना कोण तपासणार? मला कोलामी येत नाही. म्हणजे त्या रकान्यात पोरगं चुकलं तरी मला कळणार नाही, आणि बरोबर असलं तरीही. तुमचंच तत्त्व तुम्हाला लावतो : जिथं चूक सापडत नाही तिथं शिक्षण होत नाही. मग तो रकाना शोभेचा.

नादिष्ट : तो रकाना तुम्ही तपासायचा नाही. आजीला तपासायला लावा.

शंकेखोर : हं. हे जरा अवघड आहे, पण अशक्य नाही. आजी शाळेत यायची नाही; पोरांना तिच्याकडं जावं लागेल. आणि ती सांगेल ते मराठीत लिहिताना निम्मं सांडेल. बरं, धरून चाला की मी तयार झालो. तार बघू, बंधारा बघू, नऊ वाजता निघू, ऊन पाठीवर घेऊ. एका दुर्बिणीवर चाळीस पोरं, तेही निभवू.

नादिष्ट : पहिल्या महिन्यात दुर्बीण काढूच नका. नुसत्या डोळ्यांनी जे पंधरा पक्षी ओळखता येतात ते आधी येऊ द्या. आणि आठवड्यापुरतं नको. जूनमध्ये तोच बंधारा, नोव्हेंबरमध्ये तोच, मार्चमध्ये तोच.

शंकेखोर : जूनचं जमेल, मार्चचंही जमेल. नोव्हेंबरचं अवघड. त्या आठवड्यात कापसाची वेचणी जोरात असते आणि माझी निम्मी पोरं शाळेत नसतात.

नादिष्ट : कुठं असतात?

शंकेखोर : वावरात. उजाडलं की ओळीला लागतात.